आर्डिथचा डावा पाय

एल्मरीच्या गोल्फच्या मैदानावर भोकाभोवती गवत नव्हतंच. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या त्या कोरड्या माळावर पाणी आणणार कुठून? म्हणून तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचं गोल अंगण केलेलं. चेंडू भोकाकडे ढकलण्याआधी वाळू सारखी करून वाट करायची. त्यासाठी लोखंडी फळी होती. ती लांब पडली असेल तर आपला बूट. आर्डिथ क्लासेन सहाव्या वर्षापासून डाव्या बुटाने वाट करत आली होती.

तेविसाव्या वर्षी गुरांच्या डॉक्टरकडची नोकरी सोडून ती व्यावसायिक खेळाडूंच्या निवडीला गेली. पहिल्या वीसजणींना वर्षभर खेळायचं कार्ड मिळणार होतं. चार दिवस छान खेळली. शेवटच्या भोकाशी चेंडू हातभर अंतरावर, खाली मऊ गवत. आणि डावा पाय आपसूक पुढे झाला, चेंडूपासून भोकापर्यंत फिरून आला.

गवतावर हे चालत नाही; दंडाचे दोन टोले वाढतात, आणि इथे ज्याचे टोले कमी तो पुढे. पण पाहिलं कुणीच नव्हतं. तिचे टोले लिहिणारी सोबतची खेळाडू पाणी पीत होती. आर्डिथने चेंडू भोकात घातला आणि म्हणाली, "माझे दोन टोले वाढव."

"का गं?"

"पायाने वाट केली मी."

"कसली वाट?" ती बघतच राहिली.

कार्ड एका टोल्याने हुकलं.

गावातल्या कॅफेत व्हर्न पेनरने तिला गाठलंच. "कुणी बघितलं नव्हतं ना? मग तोंड कशाला उघडलंस?"

"ते राहू द्या, व्हर्नकाका. पाय माझा, मग मला न विचारता गेलाच कसा?"

हा प्रश्न काही तिला सोडेना. रविवारभर ती वाळूच्या कडेला खुर्ची टाकून लोकांचे पाय बघत बसली. झाडून सगळे बूट फिरवत होते. कधीच न खेळणाऱ्या पाद्रीणबाई नुसत्या जाता जाता फिरवून गेल्या! आणि व्हर्नकाका तर दोन्ही पायांनी.

"आम्हीच लावली खोड," तिचे वडील कॉर्नेलियस म्हणाले. त्यांनी घोड्याच्या जुन्या साजातली एक घंटा काढली आणि तिच्या डाव्या बुटाला बांधली. बाहेर बर्फ, आत चर्चच्या तळघरात जाजमावर सराव. नोव्हेंबरात घंटा इतकी वाजायची की वर भजनं म्हणणाऱ्या बायका ओरडायच्या, "आर्डिथ, पाय आवर!" ईस्टरपर्यंत घंटा गप्प झाली.

पुढच्या निवडीला पुन्हा शेवटचं भोक, पुन्हा हातभर अंतर. हा टोला चुकला तर कार्ड गेलं. बुटाला घंटा नव्हती, तरी आर्डिथ क्षणभर कान देऊन थांबली. मग चेंडू ढकलला.

कार्ड मिळालं, आणि दरवर्षी ते राखत ती अकरा वर्षं खेळली; पहिली कधीच आली नाही. एल्मरीत मात्र अजून सांगतात तो त्या संध्याकाळचा कॅफेतला फोन. कॉर्नेलियसनी कार्डाचं विचारलंच नाही.

"वाजली का गं?"

"नाही, बाबा."

त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मागे वळून ओरडले, "व्हर्न, नाही वाजली!"