सूज उतरेपर्यंत

घोट्यावर अंगठा टेकवून आमचे डॉक्टर डोळे मिटायचे. तुम्हाला वाटलं असतं, माणूस जपाला बसलाय. मग हळूच म्हणायचे, "आज नाही." लगेच सगळे नातेवाईक माझ्याकडे बघत, जणू सूज मीच आणली होती.

परळच्या एका हॉस्पिटलात, हाडांच्या वॉर्डात मी सिस्टर होते. डॉक्टरांच्या हाताला भारी सफाई, पण घोटा म्हटला की धास्तावायचे. "मांडीला मांस असतं, सिस्टर. इथं नुसती कातडी. सुजेवर चिरली तर जखम मिटत नाही."

लालबागच्या मावशी आल्या तेव्हा गणपतीला महिना होता. चाळीच्या जिन्यात घसरून घोटा दोन्ही बाजूंनी मोडलेला, त्यात जुना मधुमेह. डॉक्टरांनी सांधा जागेवर बसवला, पाय उशांवर चढवला आणि रोज अंगठा टेकवू लागले.

मुलगा चिडला. "बाजूचा काल आला, त्याचं आज झालं पण! आमचंच काय?"

"त्याचा हात आहे. हा घोटा आहे," डॉक्टर म्हणाले. त्या दिवसांत ते जेवणाचा डबा तसाच परत नेत.

नवव्या दिवशी सूज उतरली आणि ऑपरेशन झालं. धातूची पट्टी, स्क्रू नीट बसले. घरी सोडताना त्यांनी तीनदा बजावलं, "मी सांगेपर्यंत पाय जमिनीला टेकायचा नाही." मावशींनी मान डोलावली.

आणि गणपती बसल्यावर पहिल्याच आरतीला उभ्या राहिल्या! एक नाही, पाचही आरत्या संपेपर्यंत. मुलाने परत वॉर्डात आणलं, तर डॉक्टरांनाच विचारतात,

"देवासमोर बसान आरती कशी घेवची, डॉक्टरांनू?"

जखम उकलली होती, आतली धातूची पट्टी दिसत होती. यात जंतू शिरले तर पाय कापावा लागतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आता डॉक्टर ओरडणार, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. ते मलाच म्हणाले, "बसून आरती चालते, हे आपण सांगायला हवं होतं, सिस्टर. आपण काय परदेशात राहतो?"

जखम पुन्हा धुतली. मग रोजचं ड्रेसिंग ते स्वतः करायचे. भीतीपायी माझ्यावर खेकसायचे आणि नंतर चहा पाठवायचे. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी जखम नखाएवढी उरली होती. खाली निरोपाचा हार वाट बघत होता, हे वर ड्रेसिंग करत बसलेले. दुसऱ्या दिवशी कोकणात गावी निघून गेले.

काही महिन्यांनी मावशी चालत वॉर्डात आल्या, डॉक्टरांना दाखवायला. मी व्हिडिओ कॉल लावला. मावशींनी पदर सावरून चेहरा पुढे केला.

"तोंड नको, पाय दाखवा!" पलीकडून हुकूम आला.

मी कमरेत वाकले, फोन जमिनीलगत धरला आणि वॉर्डभर उलटी चालत गेले. मावशी माझ्यासमोर पावलं टाकत होत्या.

"वळा. टाच टेकते का? हां, टेकते."

मग आवाजच नाही. कॉल तुटला असं वाटून मी फोन वर घेतला. पडद्यावर नुसतं कौलारू छत होतं, आणि बाजूला कुठेतरी डॉक्टर जोरजोरात नाक शिंकरत होते.