नारपोलीची तोफ

आमच्या भिवंडीतल्या नारपोलीत कुणाचाच आवाज लहान नाही. खालच्या गाळ्यांमध्ये दिवसभर कापड विणणारे लूम खडखडत असतात आणि वरच्या खोल्यांत माणसं राहतात. 'मीठ दे' एवढं सांगायचं तरी भांडण काढल्यासारखं सांगावं लागतं. अशा गल्लीतसुद्धा एका मुलीचं नाव 'तोफ' पडलं, यावरून काय ते समजा. शाळेच्या पटावर ती प्रज्ञा होती. गल्लीत मात्र तोफच. तिनं जिन्याखाली उभं राहून 'आईऽ' अशी हाक मारली की वेगवेगळ्या मजल्यांवरच्या दोन-चार आया बाहेर यायच्या, आणि नाक्यावरचा एखादा रिक्षावाला 'क्या हुआ?' म्हणत मान वळवायचा.

मी तिचा शेजारी. पेशानं मास्तर, आणि आवाज असा की माझा तास म्हणजे मागच्या बाकांना सुट्टी. घरमालकानं आम्हा दोघांना एकाच भिंतीच्या दोन बाजूंना का ठेवलं असेल, याचा विचार मी पेपर तपासता तपासता अनेकदा केला आहे. तिचे मार्क मला तिच्या आईच्याही आधी कळायचे. तिची भांडणं, तिचे समेट, तिला कोणती भाजी आवडत नाही, हे सगळं मला माहीत होतं आणि त्यातलं काहीही मी विचारलेलं नव्हतं.

त्या आवाजाला कारण होतं आणि ते घरातच होतं. तिचे वडील सुदाम मिस्त्री लूम दुरुस्त करतात. उभं आयुष्य त्या खडखडाटात गेलं आणि कान तिथेच राहिले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून कानाचं मशीन आणलं, घालून पाहिलं आणि लगेच डबीत ठेवून दिलं. "सर, ते घातलं का आख्खी भिवंडी कानात घुसते," ते मला म्हणाले. "त्यापरीस न्हाय ऐकू आलं तं बरं." सगळ्या जगातला एकच आवाज त्यांना मशीनशिवाय नीट ऐकू यायचा, तो लेकीचा. बाकीच्यांचं बोलणं ते नुसतं हसून, मान डोलवून साजरं करायचे. मीही त्या बाकीच्यांतला.

खाली गाळ्यात मात्र तोफेचंही काही चालत नसे. लहानपणी ती वडिलांचा डबा घेऊन जायची, तेव्हा मी पाहिलंय. चालू लूमच्या त्या टोकाला मिस्त्री, या टोकाला ही, आणि दोघांच्या गप्पा रंगलेल्या. आवाज अजिबात नाही. ओठ मोठे मोठे हलवायचे, जोडीला हात. लूमवरची सगळीच माणसं तसं बोलतात. डब्यात भाजी काय, शाळेत आज मार कुणी खाल्ला, सगळं बोलून व्हायचं. जिना चढून वर आली की तोफ पुन्हा सुरू.

आमच्या दारावरून जाताना ती एक बार ठरलेला उडवायची. "सर, जेवलात काय?" सकाळ असो, दुपार असो, प्रश्न तोच. मी आतून उत्तर द्यायचो, पण ते उंबऱ्यापर्यंतही पोचायचं नाही. मग ती माझ्या बायकोला विचारायची, "काकू, सर जेवले काय?" मी घरात बसलेला असताना माझी खुशाली दुसऱ्याकडून घेणारी ती एकटीच.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात तिच्या डोक्यात जपान शिरलं. सुट्टीत तिनं काल्हेरच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगची ड्युटी केली होती. तिथं माल येतो कसा, जातो कसा आणि मधल्या मधे गायब होतो कसा, हे पाहून ती थक्क झाली होती. या कामाचं रीतसर शिक्षण जपानात मिळतं असं कळल्यावर तिनं ठाण्याला जपानी भाषेचा क्लास लावला. दापोड्याच्या तिच्या आत्यानं हे ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले. "गोडाऊन बगाला जपानला? आमच्या दारातून पाय भायेर टाकला का गोडाऊनच हाय!"

"आत्या, तुमच्याकडं माल हरवतो. तिकडं सापडतो कसा ते शिकायचंय," तोफ म्हणाली, आणि ते दापोड्यातल्या निम्म्या वॉचमननी ऐकलं असणार.

विहारातल्या म्हाताऱ्या मंडळींनी मात्र तिची बाजू घेतली. बुद्धाला मानणारा मुलूख, म्हणजे आपल्याच पाहुण्यांकडे चालली पोरगी, असं त्यांचं म्हणणं. एका आजोबांनी तर तिथं वंदना किती वाजता असते तेवढं कळवायला सांगितलं.

भाषेची अडचण आलीच नाही, ती तिनं भराभर गिळली. अडचण निघाली आवाजाची. क्लासच्या बाई मुलाखतीची तयारी घेताना तिला म्हणाल्या, "उत्तर अगदी बरोबर आहे, पण समोरच्यांना वाटेल तू त्यांच्यावर रागावलीयेस." मुलाखत लॅपटॉपवर व्हायची होती, तिकडच्या तीन प्राध्यापकांसमोर. त्यात ती आवडली तर प्रवेश आणि शिष्यवृत्ती, नाहीतर जपान नकाशातच बघायचं.

त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "सर, तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात न्हाय ना?"

"कोण म्हणतं?"

"मीच बसायची ना मागं. मला तसं बोलायला शिकवा."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या एखाद्या गुणाची अशी कदर पहिल्यांदाच होत होती. मी लगेच हो म्हटलं.

शिकवणी आमच्या बाहेरच्या खोलीत आणि आवाज मोजायला माझी बायको. ती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायची. तोफेनं माझ्यासमोर बसून जपानीत आपली ओळख करून द्यायची. ती ओळख स्वयंपाकघरापर्यंत पोचली की आतून बायको ओरडायची, "आवाज चढला!" पहिल्या आठवड्यात आमच्या घरात दुसरं काही ऐकूच आलं नाही. मी तिला श्वास सोडत बोलायला सांगितलं, तर ती मेणबत्ती विझवल्यासारखं बोलायला लागली. पोटाशी उशी धरायला लावली, तर उशी फाटली. पण पोरगी चिकट. एक दिवस ती अख्खं उत्तर बोलून मोकळी झाली आणि आतून काहीच आलं नाही. आम्ही दोघं आत डोकावलो. बायको तव्यासमोरच होती. "का? बोलली काय ती?" तिनं विचारलं. त्यावर तोफेनं आनंदानं अशी किंकाळी फोडली की खालचा एक कामगार काय पडलं ते बघायला वर येऊन गेला.

वाकायचा सराव ती गल्लीत करायची. रिक्षावाला, इस्त्रीवाला, समोर येईल त्याच्यापुढे कमरेतून वाकायची. भाजीवाल्या चाचांपुढे वाकली, तर ते बिचारे घाबरून "अरे बेटी, क्या गिर गया?" म्हणत गाडीखाली शोधायला लागले.

हे सगळं मजेत चाललं होतं, आणि एक दिवस सुदाम मिस्त्री आमच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. "सर, पोरगी पुटपुटते. काय बोलते तं कळत न्हाय. माज्यावर रुसली हाय काय?"

मी समजावलं. माझं समजावणं त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं, म्हणून बायकोनं समजावलं. त्यांनी मान डोलवली, पण या वेळी हसले नाहीत. "जाऊ दे की जपानला. मी कुठं आडवा येतो?" ते म्हणाले. "पर तिचाच एक आवाज येतो मला. तो पन गेला तं मी काय करू?"

 तोफ जिन्यावर उभी राहून ऐकत होती. त्या दिवसापासून तिनं दोन आवाज ठेवले, घरी मोठा आणि आमच्याकडे लहान. जपानला दोन्ही नेता येणार नाहीत, हे तिलाही कळत होतं.

मुलाखत आमच्याच घरी झाली. मी लॅपटॉपच्या मागे उभा राहून, ट्रक मागे घेणाऱ्या क्लीनरसारखा हात खाली-खाली करत होतो. ती इतकी सुरेख हळू बोलत होती की मलाच भरून आलं. अर्ध्यात वीज गेली. लॅपटॉप चालू राहिला, फोनचं नेटही चालू राहिलं, पण गल्लीतले सगळे लूम एकदम बंद पडले. पायाखालची थरथर थांबली की मिस्त्रींना ते कळतं. त्यांना वाटलं, वीज गेली म्हणजे मुलाखतही संपली. त्या कधी नव्हे त्या शांततेत गॅलरीतून त्यांचा आवाज आला, "काय झालं गं? घेतला काय तुला?"

आणि तोफेनं सवयीनं मान वळवून बार उडवला. "बाबाऽ, चालू हाय अजून!"

पडद्यावरची तिन्ही माणसं मागे सरकली. बायको 'आवाज चढला' म्हणायचंसुद्धा विसरली. तोफ उठून इतकी खाली वाकली की पडद्यावर नुसती वेणी राहिली असेल. मग बसून हळू आवाजात काहीतरी बोलली. त्यावर तिघांतले सगळ्यांत वयस्कर गृहस्थ तोंडावर हात धरून बराच वेळ हसत राहिले.

"काय सांगितलंस त्यांना?" मी नंतर विचारलं.

"खरं तेच सांगितलं. बाबा लूमवर हायत, त्यांना मोठ्यानं सांगावं लागतं. तुम्हाला नीट ऐकू येतं, म्हणून तुमच्याशी हळू बोलते."

पुढचे काही दिवस ती 'गेलं, सगळं गेलं' म्हणून रडली, तेही मोठ्यानं. मग निवड झाल्याचा मेल आला. तो तिनं गॅलरीतून वाचून दाखवल्यामुळे गल्लीला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

निघण्याआधी विहारात तिचा सत्कार झाला. जयंतीच्या मिरवणुकीतल्या सूचना दरवर्षी माईकशिवाय देणाऱ्या या मुलीच्या हातात त्या दिवशी माईक दिला, आणि ती आमच्या शिकवणीप्रमाणे हळू बोलली. फार सुंदर बोलली. बायका डोळे पुसत होत्या. सुदाम मिस्त्री नवा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा तेही वाजवायचे, लोक थांबले की थांबायचे. मला माझी शिकवणी त्या क्षणी अगदी नकोशी झाली.

टॅक्सी आली त्या दिवशी मात्र तिनं सगळा संकोच सोडला. सगळ्यांपुढे वाकून झाल्यावर वडिलांना मिठी मारली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "बाबा, मशीन घाला!" "न्हाय घालणार!" ते ओरडले. हा झाला बापलेकीचा निरोप. टॅक्सी वळली आणि लूम धडधडत असूनही गल्ली मला रिकामी वाटायला लागली.

तिकडे होस्टेलच्या भिंती पातळ. पहिल्या दिवशी ती वडिलांशी नेहमीच्या आवाजात बोलली, तर शेजारच्या खोलीतली मुलगी मदत हवी का विचारायला धावत आली. त्यानंतर तिनं आवाज उतरवला. इकडे रोज संध्याकाळी तिची आई, शोभाताई, व्हिडिओ कॉल लावून फोन नवऱ्याच्या हातात द्यायच्या, आणि मिस्त्री तो कानाला लावायचे. चांगला गच्च. जपानला रोज सुदाम मिस्त्रींचा कान दिसायचा. "काय? काय?" करत ते कान बदलून बघायचे, मग फोन शोभाताईंकडे देऊन गॅलरीत जाऊन उभे राहायचे. तिथं त्यांना काहीही काम नसायचं.

असा महिना गेला असेल. एका संध्याकाळी तोफेचा फोन मला आला. ती माझ्याहूनही हळू बोलत होती. "सर, आमच्या घरी जा आणि बाबांचा फोन डब्याला टेकवून ठेवा. कानाला लावू देऊ नका. इतके दिवस मला सुचलंच न्हाय."

मी गेलो. फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि मिस्त्रींना समोर बसवलं. त्यांचा हात सारखा फोनकडे जात होता, तो धरून ठेवला. पडद्यावर तोफ आली. डोक्याला लोकरी टोपी, कानात वायरी. तिनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. शोभाताईंनी बटण दाबून पाहिलं. मला वाटलं, नेट गेलं. तेवढ्यात मिस्त्री खो-खो हसायला लागले.

"मुळा?" ते गरजले. "रोज मुळाच खातंस?"

ती ओठ मोठे मोठे हलवत होती आणि दोन्ही हातांनी बोलत होती, लूमच्या या टोकाला उभी राहून बोलायची अगदी तशी. त्यांना शब्द न् शब्द कळत होता. थंडी किती, वर्ग कसा, शेजारीण कशी, सगळं विचारून झालं. तिकडच्या पातळ भिंतीला त्यातलं काही कळलं नाही. इकडून मिस्त्रींचा आवाज मात्र पूर्ण ताकदीनं जात होता आणि दर उत्तराला तोफ एक डोळा घट्ट मिटून घेत होती. शोभाताई आणि मी, धड कानांची माणसं, नुसतं हसून मान डोलवत होतो. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायची त्यांना सवड नव्हती.

मग तोफेनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. मला ओठ वाचता येत नाहीत. पण हे वाक्य मी आमच्या दारातून इतकी वर्षं ऐकलं होतं की वाचायची गरजच पडली नाही.

"जेवलो गं!" मी म्हणालो. एवढ्या लांब पोचवायचं म्हणून जरा जोर लागला असेल.

भिंतीपलीकडून, आमच्या स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "आवाज चढला!"