शंभराच्या पुढचं

मे महिन्यातला शेवटचा रविवार. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये मुलांची वाट पाहत आम्ही दोघंच होतो, मी आणि माझ्या मुलाच्या वर्गातल्या एका मुलीची आई. नोकरी सोडून गणिताची पदवी घ्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि ती जागा पक्की करायला त्यांना त्याच दिवशी दोनशे डॉलर भरायचे होते. "उत्तर न बघता एक तरी सिद्धता जमली तर भरीन, नाहीतर जाऊ दे," असं त्यांनी ठरवलं होतं.

वय चाळिशीचं, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. बोलता बोलता मधेच थांबायच्या, पाइनच्या शेंड्यांकडे बघत राहायच्या आणि दोन मिनिटांनी वाक्य सोडलं तिथूनच पुरं करायच्या.

त्या दिवशीचा प्रश्न असा होता: एकपासून ओळीनं विषम संख्या मिळवत गेलं, की बेरीज नेहमी पूर्ण वर्गच का येते? मी फोनवर शंभर बेरजा करून दाखवल्या. सगळ्या बरोबर निघाल्या.

"शंभर केसेस पास झाल्या, दादा. पुढचं काय?"

मग त्यांनी डब्यातले शेंगदाणे गाडीच्या बॉनेटवर मांडायला सुरुवात केली. आधी एक. त्याच्या शेजारी, खाली आणि कोपऱ्यात मिळून तीन. मग पाच. चौकोन वाढत गेला आणि त्यांचा हात थांबला.

"दर वेळी दोन बाजू आणि एक कोपरा," त्या हळूच म्हणाल्या. "बाजू दर वेळी एकेकानं वाढते, म्हणजे पुढची विषम संख्याच लागणार, आणि चौकोन चौकोनच राहणार. कितीही मोठा झाला तरी."

नोकरी सोडू नका, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मुलं बाहेर यायच्या आत त्यांनी विद्यापीठाला दोनशे डॉलर भरले होते.