गाडीवरचा दुसरा माणूस

दादा गेल्याची बातमी माझ्याकडे तक्रार म्हणून आली. शनिवार होता, कर्जतला माझ्या मुलीचा साखरपुडा होता. पुण्याहून निघालेले नवऱ्या मुलाचे काका दोन तास उशिरा पोहोचले, घामाघूम आणि वैतागलेले. "घाटात एक खटारा मागे घसरलाय. ड्रायव्हर चाकाखाली सापडला म्हणे. दोन्ही बाजूंनी रस्ता तुंबलाय. असल्या गाड्या रस्त्यावर येतातच कशा, सांगा!" मी त्यांच्या हातात सरबताचा पेला दिला आणि म्हणाले, "खरंच हो." हे मी म्हणाले, ते आधीच लिहून टाकते. पुढे मी पुष्कळ जणांवर चिडणार आहे, तेव्हा सुरुवात स्वतःपासून केलेली बरी. माझ्या शेजारी सुमनवहिनी, माझ्या नामादादाची बायको, पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "रंग कंचा व्हता गाडीचा?" काका म्हणाले, हिरवट काहीतरी... मागच्या फळीवर मोर काढलेला. वहिनी होती तिथेच खाली बसली.

त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, नशीब. घाटात असं व्हायचंच. मी शाळेत शिकवते, चूक दिसली की खूण केल्याशिवाय मला राहवत नाही. हे नशीब नव्हतं.

आमचं घर कडावचं. भाताची दोन खाचरं, ती धाकट्या भावाने सांभाळली, आणि दादा विशीतच स्टिअरिंगवर बसला. गेली अकरा वर्षं तो साजगावच्या एका शेठची गाडी चालवत होता. कारखान्यांतलं लोखंड भरायचं आणि घाट चढून पुण्याच्या बाजूला टाकायचं. गाडी माझ्या मुलीहून वयाने मोठी. सपाटीला बरी पळायची, पण माल भरून चढाला लागली की तिचा दम जायचा. पहिल्या गिअरवर कण्हत कण्हत चढायची. एकदा डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी तिच्या पुढे निघून गेली आणि वरच्या वळणावर दादाची वाट बघत बसली, "आलास का रं बाबा?" असं विचारत. हे दादा स्वतःच सांगायचा आणि खो खो हसायचा. मला आता त्या हसण्याचाही राग येतो. तो एकदा जरी चिडला असता, किल्ली शेठच्या टेबलावर आपटून आला असता, तर आज मी हे लिहीत बसले नसते. पण आमच्या दादाला आपल्या गाडीबद्दल वाईट बोललेलं खपायचं नाही. "आगं, चढती ना? मंग झालं. हळू चढती, पन चढती."

अशी गाडी चढावर दम टाकते तेव्हा थांबावं लागतं. इंजिन निवेपर्यंत पाच-दहा मिनिटं. तेवढ्यात कुणीतरी पटकन उतरून मागच्या चाकाला दगड लावायचा असतो, म्हणजे ती मागे सरकत नाही. एकाचा पाय ब्रेकवर, दुसऱ्याचा हात दगडावर. हे काम दोन माणसांचं आहे. पहिलीतल्या पोराला कळेल इतकी साधी गोष्ट. पण जुना क्लीनर सोडून गेला, आणि शेठने दुसरा दिलाच नाही. आज देतो, उद्या देतो. दादाने हँडब्रेक धरत नाही म्हणून सांगितलं, त्यालाही तसंच उत्तर, बघू. मग एके दिवशी सुमनवहिनीच उठली आणि गाडीत जाऊन बसली.

तीन वर्षं ती त्याच्यासोबत घाट चढत होती. गावात कुजबुज झाली, बायको नवऱ्याला एकटं सोडत नाही म्हणून थट्टाही झाली. मीही केली. एकदा खोपोलीहून लोणावळ्याला जायचं होतं म्हणून त्यांच्या केबिनमध्ये बसले, आणि माझी थट्टा घशातच राहिली. गाडीचा आवाज जरा बदलला की दादाने काही बोलण्याआधी वहिनी दार उघडायची. कमरेला पदर खोचलेला, पायांत त्याचे जुने बूट. पायाशी ठेवलेला काळा दगड दोन्ही हातांनी उचलून ती चालत्या गाडीतून उतरायची आणि मागे जाऊन चाकाला लावून ओरडायची, "हाय!" म्हणजे दगड लागला. तोवर दादाचा पाय ब्रेकवरून हलायचा नाही. निघताना ती दगड परत उचलून आणायची. इतर गाड्यांचे लोक तो तसाच रस्त्यात टाकून जातात आणि मागून येणारा मोटारसायकलवाला त्याच्यावर आपटतो, ते तिला पटायचं नाही. मागे मोटारींची रांग हॉर्न वाजवत असायची. एकाने काच खाली करून शिवी हासडली. दादाने हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली, एखाद्या पाहुण्याला 'या, बसा' म्हणावं तशी. मी म्हटलं, "तुला काहीच कसं वाटत नाही रे?" तो म्हणाला, "त्येंना घाई हाय, शालू. आपल्याला कुठं हाय?"

शनिवारी, सुट्ट्यांना सहलीच्या मोटारींना वाट मोकळी मिळावी म्हणून ट्रकवाल्यांना घाटाच्या पायथ्याशी अडवून ठेवतात. डोंगर सगळ्यांचा, पण चढायचा मुहूर्त ज्याचा त्याचा. दादा आणि वहिनी तिथे गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवून भात टाकायचे, सुकटीची चटणी करायचे, शेजारच्या गाडीवाल्याला वाढायचे. आणि वाट सुटली की भर दुपारी, तापलेल्या डांबरावरून, सगळ्या गाड्या एकदम सोडतात. इंजिनांचा जीव त्याच वेळी जातो. हे ठरवणाऱ्याने कधी भरलेली गाडी चढवली असेल असं मला वाटत नाही.

त्या शनिवारी दादाला रजा मिळाली नाही. माल जायलाच हवा होता. वहिनी म्हणाली, "मी त्येंच्यासंगं जाते वन्स, सांच्याला दोघं येऊ." मी ऐकलं नाही. मुलीची थोरली मामी, ती ओवाळायला नको? "आली नाहीस तर पुन्हा तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही," असं मी फोनवर म्हणाले. मागून दादाचा आवाज ऐकू आला, "जा गं, एक दीस सांभाळतो मी." तो कसा सांभाळणार होता, हे आम्ही तिघांपैकी कुणी विचारलं नाही. दुपारी वाट सुटली. चौथ्या की पाचव्या चढावर गाडीने दम टाकला. मागे मोटारींची रांग होती. त्याने हँडब्रेक ओढला, ब्रेकवरचा पाय काढला आणि दगड घेऊन मागे गेला.

गेल्या आठवड्यात शेठचा माणूस कडावला आला. मी तिथेच होते. त्याने एक छापील कागद वहिनीपुढे ठेवला आणि खिशातून शाईची डबी काढली, अंगठ्यासाठी. पेन त्याने आणलंच नव्हतं. वहिनी सातवी शिकलेली आहे. ती म्हणाली, "वाच वन्स, मोठ्यानं." मी वाचलं. सदर चालक स्वेच्छेने एकटाच गाडी चालवीत असे. मदतनिसाची गरज नाही असे त्याने मालकास वेळोवेळी कळविले होते. अपघात त्याच्या निष्काळजीपणामुळे घडला...

मी कागद फाडणार तेवढ्यात वहिनीने तो माझ्या हातून काढून घेतला. ती शांतच होती. "एकटं चालवायचे, तर मंग मी कोन व्हते?"

"तुम्ही घरचं माणूस म्हणून जायचात, वहिनी," तो म्हणाला. "तुमचं नाव कुठं आहे?"

"नाय ना? मंग आज लिवते."

तिने कागद उलटा केला आणि माझ्यापुढे हात केला. मी पर्समधलं पेन दिलं. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि लिहायला लागली, गोल, सुटं अक्षर, शाळेत गिरवलेलं. गाडी कुठे कुठे थांबायची, किती वेळ थांबायची, हँडब्रेक धरत नाही हे शेठला तिच्यासमोर किती वेळा सांगितलं, तो काय म्हणाला. शेठचा माणूस दोनदा म्हणाला, एवढं नको. तिने मान वर केली नाही. मागची कोरी बाजू भरत आली. शेवटच्या ओळीपाशी मात्र ती थांबली. मग लिहिलं, "दगड मी लावत होते. त्या दिवशी मी नव्हते." आणि सही केली.

मी तिच्या हातून पेन घेतलं. त्या ओळीखाली जेमतेम जागा उरली होती. तिथे लिहिलं, "तिला मी बोलावलं होतं." त्याच्याखाली माझी सही केली, आणि कागद शेठच्या माणसाच्या हातात दिला.