डावा स्पीकर

दुकानदाराने पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन स्वस्तातले स्पीकर काउंटरवर मांडले आणि तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं.

"डावा कमी वाजतोय," मी म्हणालो. "खराब माल गळ्यात मारता काय? भाव कमी करा."

"काका, दोन्ही नवेकोरे आहेत." त्याने दोन्हींच्या जागा बदलल्या. तरी डावीकडूनच कमी ऐकू येत होतं.

"मग वायर खराब असेल!" मी ओरडलो.

बायकोने बाही ओढली. "अहो, पुरे. दोन्ही सारखेच वाजतायत."

घरात सगळे माझ्यापासून लपवून हळू बोलतात, हा राग मी कधीपासून मनात धरून होतो. जेवताना ती माझ्या डावीकडे बसते. ती पुटपुटते म्हणून मी ताटावरून उठूनही गेलो आहे. कान आपला जातो आणि आपल्याला वाटतं, जगानेच आवाज खाली केला.

दुकानदाराने सांगितला तो भाव दिला. बाहेर पडल्यावर ती आपणहून माझ्या उजव्या बाजूने चालू लागली. तिला हे कधीपासून ठाऊक होतं, ते विचारायचा मला धीर झाला नाही.