सासूबाईंना ऐकू येणारी फुगडी

मी लग्न होऊन गोव्यात मयेला आले तेव्हाच सासूबाईंना कमी ऐकू येत होतं. पुढे त्यांचे कान जवळजवळ बंदच झाले. घरात त्याचं कोणाला विशेष वाटत नसे. त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, एवढं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मी डिचोलीच्या एका शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे माझा घसा तयारीचाच होता.

आमच्या घराला लागून दोन खोल्या होत्या. तिथे कुडाळकडचा एक ड्रायव्हर बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन राहत होता. तो खनिजाच्या ट्रकवर होता. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता आणि त्याची बायको घरकाम करताना तो लावून ठेवी. सासूबाईंना तो कधी ऐकू आला नव्हता. चतुर्थी होऊन गेल्यावर एका दुपारी त्या मला म्हणाल्या, "गो, त्या बायलेक सांग, टेप जरा बारीक कर म्हणान," तेव्हा मी चकित झाले.

"टेप बंद आसा, आई."

"मगे ही फुगडी खंय चल्लीहा?"

मी कान देऊन ऐकलं. रस्त्यावरून ट्रक जात होते, बाकी काही नव्हतं. त्यांचं माहेर पेडण्यातलं इब्रामपूर. तिथे बायका फुगडी घालताना जे गाणं म्हणत, त्याच्या पहिल्या दोन ओळी त्यांना ऐकू येत होत्या. सासरी नांदणारी बहीण सणाला न्यायला येणाऱ्या भावाची वाट बघते, असं ते गाणं. पण भाऊ येण्यापर्यंत ते पोचतच नसे. दोन ओळी झाल्या की पुन्हा पहिलीपासून.

माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. काही दिवस त्यांनी सोसलं आणि एका सकाळी त्या स्वतःच शेजारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग धावले. ऐकू न येणारं माणूस आपला आवाज किती मोठा झाला आहे हे जाणत नाही. त्या इतक्या ओरडल्या की पाळण्यातली मुलगी दचकून रडायला लागली.

ड्रायव्हरच्या बायकोने मुलीला उचलून कडेवर घेतलं. तिने सासूबाईंचा हात धरला, त्यांना आत नेलं आणि भिंतीवरची फळी दाखवली. फळीवर टेप नव्हताच. तो बिघडला होता आणि तिच्या नवऱ्याने डिचोलीला दुरुस्तीला दिला होता.

सासूबाईंनी रिकाम्या फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मगे ह्या येता खयसून?" त्यांनी विचारलं. या वेळी आवाज अगदी बारीक होता.

त्यानंतर त्यांनी गाण्याचं नाव काढलं नाही. पण वाती वळायचा कापूस त्या कानांत घालू लागल्या. कापसाने गाणं वाढतच असावं, कारण थोड्या वेळाने त्या तो काढून टाकत आणि तोंड कडू करून बसत. जेवण कमी झालं. माझे यजमान एका खाणीच्या ऑफिसात होते. ते मला एकटीला गाठून म्हणाले, "आईक पिसां तर लागूक नाय?" त्यांच्या थोरल्या बहिणीने देवळात कौल घ्यायला सांगितलं. आम्ही घेतला. देवाच्या अंगाला लावलेल्या पाकळ्या कुठल्या बाजूला पडतात ते पाहून भटजींनी सांगितलं की जागेवाल्याला, म्हणजे जागेच्या राखणदाराला, नारळ द्यायचा राहिला आहे. नारळ दिला. फुगडी चालूच राहिली.

मी स्वतः कौलावर विसंबले नव्हते, पण माझा तर्क त्याहून शहाणा होता असं म्हणता येणार नाही. तेव्हा मी दहावीला एक कथा शिकवत होते. तिच्यात एक माणूस बुडणाऱ्या भावाला हात देत नाही आणि पुढे जन्मभर त्याला भावाची हाक ऐकू येते. 'ही हाक म्हणजे त्याचं मन' असं मी दरवर्षी फळ्यावर लिही. साहित्यात कोणाला उगीच आवाज ऐकू येत नाही. आत पाप असतं, नाहीतर मोठं दुःख तरी. म्हणून मी सासूबाईंच्या आयुष्यात शोधू लागले आणि मला सापडलंही. इब्रामपूरच्या भावाशी बागायतीवरून त्यांचं बिनसलं होतं. माहेरी जाणं तुटलं होतं आणि तो भाऊ त्यानंतर वारला होता. सगळं कसं नेमकं बसत होतं. मी एकदा त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "भावाची आठवण येता, आई?"

"त्या चिकटाची?" त्या म्हणाल्या. "ता गाणा माका लहानपणाक पाठ झालेला, म्हणान येता. दुसरा खंय येता माका?"

शेवटी डिचोलीच्या डॉक्टरांनी पणजीला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाहेर बाकावर आमच्या शेजारी एक तरुण मुलगा वडिलांबरोबर बसला होता. तो मधूनच मान वळवून कोणाला तरी 'नाही, नाही' म्हणत होता. वडील त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून समोर पाहत होते. सासूबाई त्या मुलाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

आत डॉक्टर हळू बोलत आणि मी त्यांचे प्रश्न ओरडून पोचवी. दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेरच्यांना सगळं ऐकू गेलं असणार.

"आई, ते आवाज तुमका गाळी घालतत?"

"नाय गो. गाळी कित्याक घालतले? बायलो फुगडी घालतत."

"काय कर, काय करू नको, असा सांगतत?"

"नाय. आपल्या आपण गायतत."

डॉक्टरांनी झोप, ताप, चालू गोळ्या, घरात कोणाला असा त्रास, सगळं विचारलं आणि कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर मनोविकारांच्या डॉक्टरांनीच मला समजावलं. कानाकडून मेंदूकडे काही पोचेनासं झालं की मेंदू कधी कधी स्वतःच्या साठ्यातलं काही वाजवू लागतो, आणि माणसाला ते बाहेरून आल्यासारखं वाटतं. भास अनेक कारणांनी होतात, ते म्हणाले. डोक्यात चढलेल्या तापाने, बरेच दिवस झोप नसली तर, दारू एकदम सोडल्यावर, काही औषधांनी, जवळचं माणूस गेल्यावर. मनाच्या आजारातही होतात, त्याला वेगळे उपचार असतात. यांचं मूळ बहिरेपणात आहे.

"मी पिशी नाय मगे?" सासूबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवून 'नाही' म्हटलं. ते मला ओरडून सांगावं लागलं नाही.

कानाला लावायचं यंत्र आलं. पहिल्या दिवशी त्यांना कावळे, कुकरची शिट्टी, माझं चहा ढवळणं सगळंच ऐकू आलं. ट्रकसुद्धा. "ह्येच्यापरास फुगडी बरी," म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. पण शेजारी जाताना मात्र लावलं. जाताना पाव विकणाऱ्या पोदेराकडून ताजे उंडे घेतले आणि ड्रायव्हरच्या बायकोच्या हातात दिले. दोघी काय बोलल्या मला ठाऊक नाही. पुढे ती मुलगी दुपारची आमच्याकडेच खेळू लागली. ती बडबडायला लागली तसं यंत्र जास्त वेळ कानावर राहू लागलं आणि गाणं दूर गेलं. पार गेलं नाही, पण त्याची भीती राहिली नाही. "आज बेगीन बेगीन गायतत," गाणं भराभर चाललं की असं त्या पाऊस आल्याच्या सुरात सांगत.

त्यांच्या परवानगीने मी यावर एक कथा लिहिली. दिवाळी अंकाच्या एका संपादकांना ती भाषेच्या दृष्टीने आवडली. पण बाईंच्या हातून पूर्वी काहीतरी घडलेलं असावं, त्याशिवाय वाचकाला पटणार नाही, असं त्यांचं मत पडलं. कान बिघडला हे कारण त्यांना फार किरकोळ वाटलं. मी कथा परत घेतली आणि दुसरीकडे पाठवली नाही. वर्गात मात्र ती भावाची कथा शिकवताना मी फळ्यावर ते वाक्य लिहिणं सोडलं. हा माणूस किती दिवस झोपला नसेल, असं मुलांना विचारू लागले.

सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. शेवटच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या पेज समोर ठेवून तशाच बसल्या होत्या. मी खुणेने 'काय?' विचारलं.

"आज गाणा नाय," त्या म्हणाल्या. "कालय नाय आयलां."

"बरा झाला मगे!"

त्यांनी थोडा विचार केला. यंत्र पदराला पुसून कानावर चढवलं, पुन्हा काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टराक ह्या सांगाक व्हया काय गो?"