डब्याच्या तळाला नख लावायचं नाही

हे वाचायला घेतलंस ना, मग आधी नीट मांडी घालून बस आणि तो फोन पालथा ठेव. परवा काय म्हणालीस मला? "आत्या, मला भाकरी येत नाही, आता येणारही नाही." सव्वीस वर्षांची झालीस आणि 'आता' म्हणतेस? अगं, इथं कडा गावात आमच्या गल्लीतल्या, भिंतीला लागूनच्या वायरमनभाऊंनी पासष्टीला पहिली भाकरी थापली.

विजेच्या खांबावर चढून जन्म काढलेला हा माणूस तव्याला मात्र भ्यायचा. त्यांची बायको कुसुम, माझी मैत्रीण, उभ्या उभ्या गेली. तेरावा झाला, लेक सासरी परतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्या दारात. हातात खांबावरचे जाड रबरी हातमोजे.

"ताई, भाकरी शिकवता का?"

"शिकवते. पण हे मोजे कशाला?"

"तव्याला हात लावायचाय न्हवं?"

मला हसू फुटलं. तेरावा होऊन एक दिवस झालेला, आणि मी पदर तोंडात कोंबून हसतेय. तेही हसले. पण आमच्यात सगळ्यात मोठ्यानं जी हसायची ती नव्हती.

लेकीनं किती आग्रह केला होता, बाबा माझ्याकडं चला. भाऊंचं एकच. "कशापायी जाऊ? तिनं केलेला येसर हाय अजून डब्यात. त्यो संपायच्या आत तसला करता आला पायजे. न्हाईतर ह्या घरात तिचं काय राहतंय?" तुला येसर आठवतो ना? धान्यं, डाळ नि मसाला भाजून दळलेलं ते पीठ, आमटीत घालतो ते. कुसुमचा येसर गल्लीत वासावरून ओळखू यायचा. पितळी डब्यात तेव्हा चार बोटं उरला होता.

भाकरीनं त्यांना महिनाभर रडवलं. कधी पीठ सैल, कधी कडा फाटलेल्या, कधी तव्यावर टाकताना निम्मी भाकरी गॅसवर. चुकलं की भाऊ वळून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघायचे. "हसतीय बघा," म्हणायचे. पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. मग मीही त्यांच्याबरोबर वळून बघायला लागले.

माझं थापणं त्यांना पटायचं नाही. "तुमी सरळ थापत जाता, ताई. ती तीनदा थापून जरा थांबायची. मी बाहेर दाढी करताना ऐकायचो की." चाळीस वर्षं न बघता नुसतं ऐकलेलं! हात बसला तसा त्यांचा ठेकाही तोच झाला. एका सकाळी मी अंगणात तुळशीला पाणी घालत होते. भिंतीपलीकडून आलं, थप थप थप, मग थांबणं. माझ्या हातातला तांब्या निसटला. वाटलं, कुसुम उठली.

आमटीची घाई मात्र अंगाशी आली. माझी वाट न बघता त्यांनी डब्यातला मूठभर येसर थेट उकळत्या पाण्यात टाकला. सगळ्या गाठी. मी गेले तेव्हा भाऊ खाली बसून त्या गाठी एकेक बोटानं फोडत होते. "तिची मूठभर घालवली मी," एवढंच म्हणाले. मी सांगितलं, आधी गार पाण्यात कालवायचा. तर कपाळावर हात मारून म्हणाले, "आदी लाईन बंद, मग हात. जन्मभर हाताखालच्या पोरांना हेच शिकवलं की!"

मग आम्ही नवा येसर केला. चाखून म्हणाले, "चव बरी हाय. ती न्हाई." मी जुना डबा पुढं ओढला आणि नवा येसर त्यातच ओतला, विरजणावर दूध ओतावं तसा. आठ दिवसांनी त्याची आमटी केली. भाऊंनी पहिला घास घेतला, उठले, आणि दुसरं ताट मांडून त्यात वाटी ठेवली. मी हळूच घरी आले.

तेव्हापासून डबा कधी रिकामा झाला नाही. गेल्या उन्हाळ्यात आजारपणात लेक न्यायला आली, तेव्हा डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "भरत राहा, ताई. तळाला नख लावू नका." परत आले नाहीत. महिन्याभरात तिकडंच गेले.

घराला कुलूप आहे. पण अजून सकाळी भिंतीपलीकडून थप थप थप येतं आणि थांबतं. काल मी पिठाच्या हातानं ऐकत उभी राहिले, तर काहीच नाही. पुन्हा काठवटीत हात घातला, तर पुन्हा तेच. मग कळलं गं, मीच तीनदा थापून थांबतेय. कधीपासून, ते नाही सांगता यायचं.

डब्यात आज चार बोटं येसर आहे. हल्ली मला भाजणीचा वास नीट कळत नाही, करपली तरी समजत नाही, म्हणून नवा करायचा धीर होत नाही. तुझं नाक लागेल. बीडहून सकाळची एसटी पकड आणि ये. लवकर ये बाई, मी भाकरीला थांबते.